सायगॉन नेमकं कधी पडलं? १९७५ चे ५२ दिवस

३० एप्रिल १९७५ ला सकाळी उत्तर व्हिएतनामचे रणगाडे सायगॉनच्या इंडिपेंडन्स पॅलेसचं फाटक तोडून आत शिरले, तेव्हा त्यांच्याशी लढायला तिथे कोणी नव्हतं. दोनच दिवसांपूर्वी शपथ घेतलेले राष्ट्राध्यक्ष दुओंग व्हान मिन्ह आपल्या सहकाऱ्यांसह सत्ता सोपवायला थांबले होते. शहराची वस्ती तीस लाखांच्या वर. निमलष्करी दलं धरून दक्षिण व्हिएतनामची फौज कागदावर दहा लाखांहून मोठी, आणि विमानांच्या संख्येत तिचं हवाईदल जगातल्या मोठ्या हवाईदलांपैकी एक. एवढं असून राजधानीच्या गल्लीबोळांत मोठी लढाई झालीच नाही. तीस वर्षं, आधी फ्रेंचांशी आणि मग अमेरिकनांशी चाललेलं युद्ध शेवटच्या शहरात मात्र काही तासांत आटोपलं.

असं का झालं? ‘अमेरिकेने हात काढून घेतला म्हणून’ हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. अमेरिकेची मदत आटली म्हणून दक्षिण दुबळा झाला, हे खरं. पण दुबळी फौज महिनोन्‌महिने मागे सरकत लढू शकते. इथे १० मार्च ते ३० एप्रिल या ५२ दिवसांत सगळं संपलं, आणि त्यातही निर्णायक ठरले मार्चचे शेवटचे दोन-अडीच आठवडे. त्या काळात निम्मी फौज लढाईत हरली नाही, माघारीच्या रस्त्यावर विरघळली. सायगॉनचा निकाल सायगॉनपासून शेकडो किलोमीटर दूर लागला तो असा.

पॅरिसच्या कराराने काय बाकी ठेवलं

२७ जानेवारी १९७३ ला पॅरिसमध्ये शांतता करार झाला. अमेरिकेने ६० दिवसांत सैन्य न्यायचं, युद्धकैदी सुटायचे, आणि जो जिथे आहे तिथेच शस्त्रसंधी. खोच होती ती या शेवटच्या कलमात. उत्तरेचं जे सैन्य त्या दिवशी दक्षिणेच्या हद्दीत होतं, त्याने परत जावं असं करारात कुठेही नव्हतं. म्हणजे अमेरिकन गेले आणि उत्तरेच्या डिव्हिजन, म्हणजे हजारो सैनिकांचे मोठे दल, दक्षिणेच्या डोंगराळ पश्चिम पट्ट्यात तशाच राहिल्या. दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष न्गुयेन व्हान थिऊ यांचा या कराराला कडवा विरोध होता. त्यांनी तो मान्य केला तो अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या खासगी पत्रांवर विसंबून: उत्तरेने करार मोडला तर अमेरिका पूर्ण ताकदीने उत्तर देईल, असं आश्वासन त्यांत होतं.

ते आश्वासन एका माणसाचं होतं, अमेरिकेच्या संसदेचं नव्हतं. १९७३ मध्येच संसदेने कायदा करून १५ ऑगस्टपासून इंडोचायनातली सगळी लष्करी कारवाई बंद केली. ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सन यांनाच पायउतार व्हावं लागलं. १९७३ च्या सुमाराला वर्षाला दोन अब्ज डॉलरच्या वर असलेली लष्करी मदत १९७५ च्या आर्थिक वर्षात ७० कोटींवर आली. त्यात १९७३ च्या तेलसंकटाने इंधनाचे भाव चौपट झाले होते, त्यामुळे ७० कोटींत मिळणारा माल आकड्यापेक्षाही कमी होता. अमेरिकन पद्धतीवर घडवलेली ही फौज हेलिकॉप्टर, तोफगोळे आणि सुटे भाग यांवर जगत होती. विमानं शेडमध्ये उभी राहिली, तोफांना गोळे मोजून मिळू लागले.

उत्तरेने आधी खडा टाकून पाहिला. सायगॉनच्या उत्तरेला फुओक लाँग प्रांत आहे. ६ जानेवारी १९७५ ला त्याची राजधानी उत्तरेच्या ताब्यात गेली. १९७३ नंतर पूर्ण प्रांत जाण्याची ही पहिलीच वेळ. अमेरिकेने निषेध केला आणि विषय तिथेच संपला. अमेरिकेची बी-५२ बॉम्बफेकी विमानं परत येणार नाहीत, हे उत्तरेची राजधानी हनोईला कळलं. तरीही हनोईचा आराखडा दोन वर्षांचा होता: १९७५ मध्ये जमीन तयार करायची, १९७६ मध्ये घाव घालायचा. त्यांनाही पुढचं दिसलं नव्हतं, हे विसरायला नको.

लांबट देश आणि अडकलेली राखीव फौज

दक्षिण व्हिएतनामचा नकाशा समोर ठेवला तर संरक्षणाचं दुखणं लगेच दिसतं. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत लांबच लांब पट्टी, मध्यभागी अरुंद. पूर्वेला समुद्र, पश्चिमेला लाओस आणि कंबोडियाची सीमा, आणि त्या सीमेला समांतर उत्तरेची रसद येणारं रस्त्यांचं जाळं. १९७५ पर्यंत ही पायवाट राहिली नव्हती. ट्रक चालतील असे रस्ते झाले होते आणि इंधनाची नळवाहिनी सायगॉनच्या वायव्येला लोक निन्हपर्यंत पोचली होती. उत्तरेला या लांब कडेवर हवी ती जागा निवडून तिथे सगळं बळ एकवटता येत होतं. दक्षिणेला सगळीकडे पहारा ठेवणं भाग होतं.

अशा वेळी बचाव करणाऱ्याला एकच गोष्ट वाचवते, ती म्हणजे राखीव फौज. घाव कुठे पडतो ते पाहून तिकडे धाडता येईल असं मोकळं सैन्य. दक्षिणेकडे अशा दोन उत्तम डिव्हिजन होत्या, एक छत्रीधारी आणि एक मरीन. उत्तरेच्या १९७२ च्या आक्रमणानंतर दोन्ही अगदी उत्तर टोकाला ह्वे आणि दा नांग भागात खंदकांत बसल्या होत्या. राखीव म्हणून हाताशी काहीच नव्हतं. पूर्वी ही उणीव अमेरिकन विमानं आणि हेलिकॉप्टर भरून काढत असत.

१० मार्चला उत्तरेचे जनरल व्हान तिएन झुंग यांनी मध्य पठारावरच्या बान मे थुओटवर हल्ला केला. त्याआधी प्लेइकू आणि कोन्तुमच्या दिशेने हालचाली करून लक्ष तिकडे खेचलं होतं. शहर मुख्यतः एका दिवसात पडलं. परत घेण्यासाठी २३ व्या डिव्हिजनच्या तुकड्या हेलिकॉप्टरने शहराच्या पूर्वेला उतरवल्या. या सैनिकांची बायकामुलं बान मे थुओटमध्येच राहायची. शहरातून निर्वासितांचा लोंढा येत होता. सैनिक हेलिकॉप्टरमधून उतरले आणि अनेकांनी रांग सोडून गर्दीत घरचे शोधायला सुरुवात केली. ती डिव्हिजन पुन्हा लढण्याजोगी राहिली नाही.

ही गोष्ट पुढच्या सहा आठवड्यांत पुन्हा पुन्हा घडली. या फौजेची कुटुंबं छावणीला लागून राहत. उभं राहून लढताना याचा फायदा असतो, कारण सैनिक स्वतःचंच घर राखत असतो. माघार घेताना तेच उलटतं. प्रत्येक सैनिकासमोर दोन कामं येतात आणि तो कुठलं निवडेल हे कुठल्याही सेनापतीला ठाऊक असायला हवं.

रस्ता ७-बी

१४ मार्चला थिऊ यांनी काम रान इथे मोजक्या सेनाधिकाऱ्यांची बैठक घेतली. त्यांचा विचार असा: सगळा देश राखता येत नाही, तर पठार सोडावं, सैन्य किनाऱ्यावर आणावं आणि तिथून बान मे थुओट परत घ्यावं. कागदावर यात चूक नाही. काही जाणते अधिकारी तर बचावाची रेषा आखडती घ्या असं आधीपासून सांगत होते. पण शत्रू अंगावर असताना माघार घेणं हे युद्धातलं सगळ्यात अवघड काम मानलं जातं. त्याला आठवडेच्या आठवडे तयारी लागते: रस्त्याची पाहणी, पुलांची डागडुजी, पिछाडी सांभाळणारी तुकडी, नागरिकांसाठी वेगळी वाट आणि वेगळी वेळ. पठाराचे सेनापती जनरल फाम व्हान फू यांना मिळाले जेमतेम दोन दिवस.

किनाऱ्याकडे जाणारे मुख्य रस्ते, १९ आणि २१, उत्तरेने तोडले होते. राहिला ७-बी. किनाऱ्यावरच्या तुय होआपर्यंत जाणारा सुमारे २०० किलोमीटरचा, वर्षानुवर्षं न वापरलेला, पूल मोडलेला रस्ता. तो निवडण्यामागे हिशेब होता: इतका वाईट रस्ता कोणी वापरेल असं शत्रूला वाटणार नाही. हा हिशेब पहिले दोन दिवस चाललासुद्धा.

बेत गुप्त ठेवायचा म्हणून स्थानिक निमलष्करी दलांना आणि प्रांताच्या अधिकाऱ्यांना काही सांगायचं नाही, असं ठरलं. या दलांत डोंगरी जमातींचे लोक मोठ्या संख्येने होते. पण प्लेइकूसारख्या छावणीच्या गावात ट्रक भरायला लागले की बातमी लपत नाही. १६ मार्चला पहिला ताफा निघाला आणि त्याच्यामागे सगळं गाव निघालं, मोटारी, स्कूटर, बैलगाड्या, पायी. जनरल फू त्याआधीच विमानाने न्हा त्रांगला गेले होते.

पुढे काय काय बिघडलं ते क्रमाने पाहण्यासारखं आहे, कारण एका बिघाडातून दुसरा निघत गेला. पुढे गेलेल्या इंजिनिअर तुकडीला पूल बांधायला वेळ हवा होता. तोवर मागून येणारा ताफा चेओ रेओ या छोट्या गावात येऊन तुंबला. गाव हजारो गाड्यांनी भरलं, त्यातच सैनिक, कुटुंबं आणि सामान. १८ मार्चला उत्तरेची ३२० वी डिव्हिजन धावत येऊन भोवतालच्या टेकड्यांवर पोचली आणि त्या गर्दीवर तोफा डागू लागली. रणगाडे नागरिकांच्या गाड्यांत अडकले. मदतीला बोलावलेल्या आपल्याच विमानांचे बॉम्ब आपल्याच तुकडीवर पडले. आपल्याला मागे सोडून चालले आहेत हे कळल्यावर स्थानिक दलांतल्या काही जणांनी बंड केलं. रस्त्याच्या शेवटच्या टप्प्यात पूर्वी दक्षिण कोरियाच्या सैन्याने सुरुंग पेरून ठेवले होते, ते काढायला वेळ नव्हता. म्हणून बा नदी ओलांडून पलीकडच्या वाटेने जायचं ठरलं. नदीच्या वाळूत गाड्या रुतू नयेत म्हणून धावपट्टीसाठी वापरतात तसे छिद्रांचे पोलादी पत्रे अंथरले, तरंगत्या पुलाचे भाग हेलिकॉप्टरने आणले. पूल झाला, आणि त्यावर एवढी झुंबड उडाली की गाड्या नदीत कोसळल्या.

ताफ्याचं टोक तुय होआला पोचलं २७ मार्चला. निघालेल्या साधारण ६०,००० सैनिकांपैकी २०,००० च्या आसपास पोचले असा अंदाज दिला जातो. लाख-दोन लाख नागरिकांपैकी बहुतेक वाटेतच राहिले. बान मे थुओट परत घ्यायला कोणी शिल्लकच नव्हतं. एक अख्खा कोअर (डिव्हिजनहून मोठा लष्करी विभाग), त्याचे रणगाडे, तोफा, दारूगोळ्याची कोठारं, जवळजवळ न लढता गेली.

उत्तरेच्या टोकाला याच दिवसांत आणखी एक गोंधळ झाला. थिऊ यांनी राजधानीच्या रक्षणासाठी छत्रीधारी डिव्हिजन परत बोलावली. ती निघालेली पाहून तिथल्या लोकांनी अर्थ काढला: हा भाग सोडला. ह्वे राखायचं की नाही, याचे हुकूम एका आठवड्यात दोनदा बदलले. मधल्या काळात उत्तरेने किनाऱ्यावरचा महामार्ग क्रमांक १ तोडला आणि बाहेर पडायला समुद्राखेरीज वाट उरली नाही. ह्वे २५-२६ मार्चला गेलं. निर्वासितांनी दा नांगची वस्ती दहा लाखांच्या वर फुगली, बंदरावर बार्जसाठी माणसं एकमेकांना तुडवू लागली. २९ मार्चला बायकामुलांना आणायला गेलेलं एक बोइंग ७२७ परतलं ते बहुतांशी सशस्त्र सैनिकांना घेऊन. काही जण चाकांच्या खोबणीत लटकून आले. त्याच दिवशी दा नांग पडलं. न्हा त्रांग आणि काम रान एप्रिलच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत.

माझ्या मते सायगॉन पडलं ते इथे. हनोईनेही तसंच वाचलं. दोन वर्षांचा आराखडा त्यांनी बाजूला ठेवला आणि मे महिन्यात पाऊस लागायच्या आत राजधानी घ्यायची असं ठरवलं, कारण एकदा पाऊस लागला की सखल भातशेतीत रणगाडे आणि ट्रक रस्त्यापुरतेच उरतात.

शुआन लोक, आणि शहराभोवतीची पाच दिशा

९ एप्रिलला सायगॉनच्या पूर्वेला साठेक किलोमीटरवर शुआन लोक इथे मात्र उत्तरेला कडवा प्रतिकार झाला. जनरल ले मिन्ह दाओ यांच्या १८ व्या डिव्हिजनने बारा दिवस दम धरला. तीच फौज, तोच तुटवडा, पण इथे माघारीचा हुकूम नव्हता. तयारी होती, आणि सैनिकांची कुटुंबं आधीच मागे हलवलेली होती. उत्तरेने अखेर समोरून डोकं आपटणं सोडलं, बाजूचा दाऊ जियाय तिठा धरून रस्ता तोडला आणि शुआन लोक निरर्थक करून टाकलं. २० एप्रिलच्या रात्री डिव्हिजन शिस्तीत बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी थिऊ यांनी राजीनामा दिला, टीव्हीवर अमेरिकेला भरपूर बोल लावून. वयोवृद्ध उपाध्यक्ष त्रान व्हान हुओंग आठवडाभर गादीवर, मग २८ तारखेला मिन्ह. मिन्ह आले की वाटाघाटी होतील, संमिश्र सरकार बनेल, अशी आशा सायगॉनच्या राजकारण्यांना आणि फ्रेंच दूतावासाला होती. अर्धं युद्ध जिंकायचं राहिलेला शत्रू वाटाघाटी करतो. पाच कोअर घेऊन वेशीवर आलेला कशाला करेल?

‘हो चि मिन्ह मोहीम’ असं नाव दिलेल्या शेवटच्या हल्ल्याचा आराखडा समजून घेतला की रस्त्यांवर लढाई का झाली नाही ते कळतं. शहराभोवती ३० ते ५० किलोमीटरवर दक्षिणेच्या उरलेल्या डिव्हिजनचं कडं होतं: कू चीला २५ वी, लाय खेला ५ वी, बिएन होआच्या बाजूला १८ वी. झुंग यांना भीती होती ती या डिव्हिजन मागे सरकून शहरात शिरण्याची. तसं झालं असतं तर घरोघर लढाई आणि शहराचा ढिगारा. म्हणून पहिलं काम, या डिव्हिजनना जागच्या जागी खिळवणं. दुसरं काम, दक्षिणेला मेकाँगच्या खोऱ्याकडे जाणारा रस्ता क्रमांक ४ तोडणं, म्हणजे सरकारला तिकडे जाऊन तग धरता येणार नाही. तिसरं काम, विशेष पथकांनी शहराकडे येणारे पूल आधीच धरणं, ते उडवले जाऊ नयेत म्हणून. राच चिएक पुलासाठी शेवटच्या तीन दिवसांत रक्ताचा सडा पडला. आणि मग पाच दिशांनी रणगाड्यांचे ताफे, वाटेत न थांबता, थेट पाच ठिकाणी: इंडिपेंडन्स पॅलेस, लष्कराचं मुख्यालय, तान सोन न्हुत विमानतळ, राजधानी विभागाचं मुख्यालय आणि पोलिसांचं मुख्यालय. ही पाच केंद्रं गेली की बाकी शहर जिंकावं लागत नाही.

२६ एप्रिलला संध्याकाळी पाचला हल्ला सुरू झाला. २८ ला उत्तरेच्या हाती पडलेल्या ए-३७ विमानांनी तान सोन न्हुतवर बॉम्ब टाकले. म्होरक्या होता तोच वैमानिक, ज्याने ८ एप्रिलला दक्षिणेचंच एफ-५ घेऊन पॅलेसवर बॉम्ब टाकले आणि पळ काढला होता. २९ च्या पहाटे चारच्या सुमारास रॉकेटं आणि तोफगोळे विमानतळावर पडू लागले. त्यात चार्ल्स मॅकमाहन आणि डार्विन जज हे दोन अमेरिकन मरीन मारले गेले.

चिंचेचं झाड

लोकांना बाहेर काढायचे अमेरिकेकडे चार पर्याय लिहून ठेवलेले होते. एक, नेहमीची प्रवासी विमानं. दोन, तान सोन न्हुतवरून लष्करी मालवाहू विमानं. तीन, जहाजं. चार, हेलिकॉप्टर, म्हणजे बाकी सगळं फसल्यावरचा उपाय. या क्रमाला कारण आहे. २९ एप्रिलला सी-१३० च्या साठेक फेऱ्यांत दहा हजार माणसं न्यायचा बेत होता, म्हणजे फेरीला दीडशेहून जास्त. सीएच-५३ हे मोठं हेलिकॉप्टर एरवी चाळीसच्या आत माणसं नेतं, दाटीवाटीने साठ-सत्तर. त्याहून लहान सीएच-४६ एरवी वीस-पंचवीस. धावपट्टी गेली की क्षमता एका झटक्यात निम्म्याच्याही खाली येते.

मग आधीच का नाही हलवलं? राजदूत ग्रॅहॅम मार्टिन यांच्यावर हाच ठपका आहे, आणि तो बराचसा रास्त आहे. पण त्यांची अडचण खरी होती. अमेरिकन पळू लागले असं दिसलं असतं तर सायगॉनचं दा नांग व्हायला एक दिवस पुरला असता, आणि चिडलेले सैनिक अमेरिकनांवरच उलटले असते. दूतावासाच्या वाहनतळात एक मोठं चिंचेचं झाड होतं. ते तोडल्याशिवाय सीएच-५३ तिथे उतरू शकत नव्हतं, कारण इमारतीच्या गच्चीवर फक्त सीएच-४६ मावत होतं. झाड तोडलं तर साऱ्या शहराला अर्थ कळेल म्हणून मार्टिन यांनी ते शेवटपर्यंत तोडू दिलं नाही. तरीही एप्रिलभरात मालवाहू विमानांनी चाळीस हजारांहून जास्त माणसं गुपचूप बाहेर गेली होती, बरीचशी कागदपत्रांचे नियम वाकवून.

२९ ला सकाळी मार्टिन स्वतः विमानतळ पाहायला गेले. दक्षिणेच्या वैमानिकांनी पळताना टाकलेले इंधनाचे डबे, बॉम्ब, मोडकी विमानं धावपट्टीवर विखुरली होती, आणि सशस्त्र जमाव विमानांवर धावून जात होता. पावणेअकराच्या सुमारास चौथ्या पर्यायाचा हुकूम सुटला. झाड तोडलं. अमेरिकन रेडिओवर ठरलेली खूण वाजली: सायगॉनचं तापमान १०५ अंश (फॅरेनहाइट) आणि वाढत आहे, त्यामागून नाताळचं एक गाणं, ऐन एप्रिलमध्ये.

पहिली हेलिकॉप्टरं उतरायला मात्र दुपारचे तीन वाजले. चार तास गेले ते कुठल्या घड्याळाने आणि कुठल्या क्षणापासून वेळ मोजायची या गोंधळात, आणि एका जहाजावरचे मरीन दुसऱ्या जहाजावरच्या हेलिकॉप्टरांत चढवण्यात. त्यातून दुसरी चूक उघडी पडली. बेत असा होता की मुख्य गर्दी विमानतळाशेजारच्या अमेरिकन लष्करी कचेरीतून न्यायची, दूतावासातून मोजकीच माणसं. पण रस्ते तुंबल्यामुळे बस फिरू शकल्या नाहीत आणि दूतावासाच्या आवारातच हजारोंची गर्दी झाली. अंधार पडल्यावर मोटारींचे दिवे लावून उतरायची जागा उजळली. मार्टिन आणखी फेऱ्या मागत राहिले, दरवेळी व्हिएतनामी माणसांना पुढे करत. पहाटे वॉशिंग्टनहून हुकूम आला: यापुढे फक्त अमेरिकन. मार्टिन पाचच्या सुमारास निघाले. सगळे निघाले असा त्याचा अर्थ लावला गेला, आणि गच्चीवरचे शेवटचे अकरा मरीन पावणेआठ उलटून जाईपर्यंत विसरल्यासारखे राहिले. खाली आवारात ४०० च्या वर माणसं तशीच होती. त्यांना नेऊ, असा शब्द शेवटच्या तासापर्यंत दिला जात होता.

हेलिकॉप्टरांनी नेले सुमारे ७,०००, त्यांतले साडेपाच हजारांवर व्हिएतनामी आणि इतर देशांचे. सर्वांना माहीत असलेलं ते छायाचित्र, शिडीवर लागलेली रांग आणि वर हेलिकॉप्टर, दूतावासाचं नाही. ते ह्यूबर्ट व्हान एस यांनी टिपलेलं, जिया लाँग रस्त्यावरच्या २२ क्रमांकाच्या इमारतीचं आहे. तिकडे समुद्रात दक्षिणेचे वैमानिक आपापली हेलिकॉप्टरं घेऊन जहाजांवर उतरत होते. पुढच्याला जागा करायला ती ढकलून पाण्यात टाकली गेली. होड्या, बार्ज आणि नौदलाच्या जहाजांतून निघालेले धरून त्या वसंतात सव्वा लाखांहून जास्त व्हिएतनामी देशाबाहेर पडले.

शेवटची सकाळ आणि त्यानंतर

३० ला १० वाजून २४ मिनिटांनी मिन्ह यांनी रेडिओवर आपल्या फौजेला गोळीबार थांबवायला सांगितलं. पूर्वेकडून सायगॉन पूल ओलांडून २०३ व्या ब्रिगेडचे रणगाडे पॅलेसकडे सरळ आले. ८४३ क्रमांकाचा रणगाडा बाजूच्या फाटकात अडकला आणि ३९० क्रमांकाने मुख्य फाटक पाडलं. वर्षानुवर्षं मान ८४३ ला मिळत होता. फ्रेंच छायाचित्रकार फ्राँस्वाज देमुल्देर यांच्या फोटोंवरून १९९५ मध्ये ते दुरुस्त झालं. झेंडा फडकवला तो ८४३ चा प्रमुख बुइ क्वांग थान याने, साडेअकराला.

शरणागतीला रीतसर कागद, टेबल, सह्या असं काही झालं नाही. मिन्ह यांना रेडिओ केंद्रावर नेलं, राजकीय अधिकारी बुइ व्हान तुंग यांनी मजकूर लिहिला आणि तो ध्वनिमुद्रित झाला तिथे हजर असलेल्या जर्मन पत्रकाराच्या टेपरेकॉर्डरवर. ‘बिनशर्त शरणागती’ हे शब्द दुपारी प्रसारित झाले. रस्त्यांवर फेकलेले गणवेश आणि बूट पडले होते. चौथ्या कोअरचे सेनापती न्गुयेन खोआ नाम, पठार सोडणारे फाम व्हान फू यांच्यासह पाच जनरलांनी आत्महत्या केली.

थिऊ देशाचं सोनं घेऊन पळाले, ही अफवा अनेक वर्षं फिरत होती. १६ टन सोनं राष्ट्रीय बँकेच्या तिजोरीतच होतं आणि ते नव्या सरकारला मिळालं. २२ सप्टेंबरला जुनं चलन रद्द झालं: ५०० जुन्या दाँगला एक नवा, तोही ठरावीक मर्यादेपर्यंत. घरात रोकड साठवलेल्या मध्यमवर्गाची बचत त्या दिवशी संपली. जूनमध्ये जुन्या फौजेच्या अधिकाऱ्यांना ‘पुनर्शिक्षणा’साठी हजर व्हायला सांगितलं गेलं. कॅप्टनपर्यंतच्यांनी दहा दिवसांचं खाणं आणावं, त्यावरच्यांनी महिन्याभराचं. लोकांनी अर्थ घेतला की दहा दिवसांत किंवा महिन्यात सुटका. अनेकांना कैक वर्षं लागली. शुआन लोक राखणारे ले मिन्ह दाओ १९९२ मध्ये सुटले.

२ जुलै १९७६ ला दोन्ही व्हिएतनाम औपचारिकरीत्या एक झाले आणि सायगॉनचं नाव हो चि मिन्ह शहर ठेवलं गेलं. होड्यांतून देश सोडणाऱ्यांची मोठी लाट १९७८-७९ मध्ये आली, आणि ती पुढे दीड दशक पूर्ण थांबली नाही.